प्रश्न विचारायची पाळी

पुण्याहून कराडला निघालेला माणूस सातारा मागे टाकून तासाभरात उंब्रजला पोहोचतो. तारळी इथे कृष्णेला मिळते. चाफळला जायचे असेल तर इथूनच वळायचे. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक उंब्रजमध्येच आहे. दिल्लीहून घरी येणाऱ्या यशवंतराव चव्हाणांनाही पुण्यानंतरची वाट हीच. त्यांच्या हयातीत मोटारीतला माणूस बदलला नाही, पदे मात्र बदलत गेली: मुंबई राज्याचा मुख्यमंत्री, देशाचा संरक्षणमंत्री, गृहमंत्री, अर्थमंत्री, परराष्ट्रमंत्री. मग मार्च १९७७ मध्ये पदाचे नाव झाले लोकसभेतील विरोधी पक्षनेता. ज्याने जन्मभर उत्तरे दिली, त्याच्यावर वयाच्या चौसष्टाव्या वर्षी प्रश्न विचारायची पाळी आली.

या मुलखाला विरोध नवा नव्हता, पण तो विधिमंडळाच्या बाकावर बसून करायचा असतो, ही कल्पना नवी होती. १९४२ मध्ये कराड, तासगाव, इस्लामपूर, वडूज इथल्या कचेऱ्यांवर मोर्चे गेले आणि काही ठिकाणी गोळ्या चालल्या. पुढच्याच वर्षी कृष्णाकाठच्या गावांनी इंग्रजांना अर्ज-विनंत्या करणे सोडून स्वतःचेच सरकार थाटले. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ आगगाडी अडवून पगाराची रक्कम लुटली गेली. गावोगाव न्यायमंडळे बसली, सावकारांना आणि दरोडेखोरांना शिक्षा झाल्या, हुंड्या-मानपानाशिवाय गांधी पद्धतीची लग्ने लागली. लोक त्याला प्रतिसरकार म्हणत. पायांना पत्री ठोकल्याच्या गोष्टी पसरल्या तसे ‘पत्रीसरकार’ हे नाव जास्त रुळले. त्याचे म्होरके नाना पाटील मूळचे तलाठी. सारा वसूल करणाऱ्या माणसाने १९३० साली नोकरीचा राजीनामा दिला आणि सारा मागणाऱ्या सरकारच्याच मुळावर उठला. जन्म बहे-बोरगावचा, गाव येडे मच्छिंद्र. बहेच्या नदीपात्रातला मारुतीही अकरांतलाच, म्हणजे उंब्रजच्या मारुतीचा भाऊबंद.

यशवंतराव याच चळवळीतले. तेही भूमिगत होते. आजारी पत्नी वेणूताईंना भेटायला फलटणला गेले असताना १९४३ साली पकडले गेले. प्रतिसरकार ऐन भरात आले तेव्हा त्यांचा बराचसा काळ तुरुंगात गेला. १९४६ साली निवडणूक झाली, यशवंतराव मुंबईच्या विधानसभेत गेले आणि गृहखात्याचे संसदीय चिटणीस झाले. नाना त्याच वर्षी भूमिगत जीवनातून बाहेर आले. एकाच रानातून निघालेल्या दोन पायवाटा इथे वेगळ्या झाल्या. एक सचिवालयाकडे गेली. दुसरी शेतकरी कामगार पक्षावरून कम्युनिस्ट पक्षाकडे वळली.

या दोन वाटा पुन्हा समोरासमोर आल्या त्या १९५७ साली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य झाले आणि यशवंतराव त्याचे मुख्यमंत्री. ते पद त्यांना मिळाले कसे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण जवळजवळ तेवीस वर्षांनी त्याच धाग्याची गाठ पुन्हा लागणार होती. मावळते मुख्यमंत्री मोरारजी देसाई बिनविरोध निवडीचा हट्ट धरून बाजूला झाले, भाऊसाहेब हिरे उभे राहिले आणि मोरारजींच्या गोटाचे पाठबळ मिळालेल्या यशवंतरावांनी हिऱ्यांना मोठ्या फरकाने हरवले. मोरारजींच्या राजवटीत संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबईच्या रस्त्यावर पडलेल्या माणसांचे रक्त अजून ओले होते. ‘संयुक्त महाराष्ट्र की नेहरू, असा प्रश्न आला तर मी नेहरूंच्या बाजूला’ अशा आशयाचे यशवंतरावांचे फलटणचे बोल संयुक्त महाराष्ट्र समितीच्या प्रत्येक सभेत उगाळले जात. अत्र्यांसारखा माणूस समोर असताना असे वाक्य हवेत विरून जाणे शक्य नव्हते.

त्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली. संपूर्ण द्वैभाषिकात ३९६ पैकी २३४ जागा मिळाल्या म्हणून सरकार टिकले. त्यात मोठा वाटा गुजरात आणि विदर्भाचा होता. खुद्द मुख्यमंत्री कराड उत्तरमधून उभे होते. उंब्रज आज याच मतदारसंघात येते. समोर शेकापचे केशवराव पवार. यशवंतराव जिंकले, पण विजय इतका निसटता की हरल्यासारखा वाटावा. कराड दक्षिणेत रेठऱ्याचे यशवंतराव मोहिते शेकापच्या वतीने उभे होते. लोकसभेला साताऱ्यातून नाना पाटील निवडून आले आणि कराडमधून शेकापचे दाजीसाहेब चव्हाण. मुख्यमंत्र्याच्या घराभोवती चहूकडून विरोधकांचा वेढा पडला होता.

नाना दिल्लीला गेले ते धोतर-पटक्यासह. सभेत नांगर, बैल, पाऊस आणि सावकार यांच्या भाषेत बोलणारा हा माणूस लोकसभेतही मराठीतच बोलला. तिथे मराठीतून बोलणारा पहिला खासदार म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. ज्या लोकसभेत ते बसले, तिच्यापुढचे विषय लहान नव्हते. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींनी १९५७ साली संपत्तीकर आणि खर्चावरचा कर आणला. मुंदडा प्रकरणात त्यांनाच घरी जावे लागले. १९५९ मध्ये केरळातले कम्युनिस्ट सरकार बरखास्त झाले, त्याच वर्षी चीनच्या सीमेवर चकमकी झाल्या आणि नानांच्या पक्षाची पंचाईत सुरू झाली. पण साताऱ्याने त्यांना या कशासाठीही पाठवले नव्हते. मतदाराने एकच प्रश्न लिहून दिला होता, मुंबईसह महाराष्ट्र केव्हा?

त्या प्रश्नाचे सर्वांत देखणे दृश्य पाहायला मिळाले ते ३० नोव्हेंबर १९५७ रोजी. प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण करायला पंडित नेहरू आले. पसरणीच्या घाटात आणि पलीकडे पोलादपूरच्या बाजूला रस्त्याच्या कडेला संयुक्त महाराष्ट्र समितीची माणसे काळी निशाणे घेऊन उभी. समितीने शिस्त पाळली. दगड उचलला गेला नाही. वळणावळणाच्या त्या रस्त्यावरून पंतप्रधानांची मोटार जाताना बाहेर जे दिसले, ते कोणत्याही तारांकित प्रश्नापेक्षा बोलके होते. त्यांच्या दिमतीला असलेल्या मुख्यमंत्र्यानेही ते पाहिलेच असणार. अडीच वर्षांनी, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्राचा मंगल कलश आणल्याचे श्रेय त्याच मुख्यमंत्र्याच्या पदरात पडले. विरोधकांनी पेरावे आणि राज्यकर्त्याने कापावे, हे शेतीच्या हिशेबात अन्यायाचे असेल, राजकारणात ते रोजचे आहे.

पुढे यशवंतरावांनी जे केले, त्याला त्यांनी स्वतःच नाव दिले: बेरजेचे राजकारण. काल समोर बसलेला माणूस आज आपल्या पंक्तीला आणायचा. दाजीसाहेब चव्हाण शेकापमधून काँग्रेसमध्ये आले आणि पुढे केंद्रात मंत्री झाले. रेठऱ्याचे मोहिते १९६० साली आले आणि राज्यात मंत्री झाले. १९६२ मध्ये साताऱ्याची लोकसभेची जागा काँग्रेसने परत घेतली. निवडून आले किसन वीर, तेही प्रतिसरकारचे आणि येरवड्याच्या तुरुंगातून निसटल्याची कीर्ती असलेले. म्हणजे नानांना हटवायलाही नानांच्याच मांडवातला माणूस लागला. नाना १९६७ मध्ये पुन्हा लोकसभेत गेले, पण बीडमधून. ढवळीचे एन. डी. पाटील मात्र बेरजेत आले नाहीत. शेकापचा लाल बावटा त्यांनी शेवटपर्यंत खाली ठेवला नाही. असे अपवाद बोटांवर मोजावे इतकेच.

ही बेरीज हुशारीची होती, यात वाद नाही. तिने साखर कारखाने उभे केले, शाळा-कॉलेजे काढली, जातीपातीच्या भांडणांवर पाणी टाकले. पण तिचा दुसरा परिणाम कृष्णाकाठी उघड दिसतो: विरोधी बाक रिकामे झाले. आमदार कोणत्या गटाचा एवढीच चौकशी उरली. पक्ष विचारायची गरज पडेना. ज्याने हे बाक रिकामे केले, त्यालाच पुढे दिल्लीत त्या बाकावर जाऊन बसावे लागले, ही गोष्ट एखाद्या कादंबरीकाराने रचली असती तर संपादकाने फार जुळवून आणलीय म्हणून परत पाठवली असती.

मार्च १९७७. आणीबाणीनंतरच्या निवडणुकीत काँग्रेस १५४ जागांवर आली. इंदिरा गांधी रायबरेलीत पडल्या. महाराष्ट्रात ४८ पैकी २० जागा मिळाल्या. साताऱ्यातून यशवंतराव निवडून आले आणि २३ मार्चपासून विरोधी पक्षनेते झाले. १९४६ पासून एकतीस वर्षे ते सरकारच्या बाजूलाच होते. आता लोकसभेत सभापतींच्या डाव्या हाताला, पंतप्रधानांच्या समोर, पहिल्या रांगेत जागा. समोर जनता पक्षाचे पंतप्रधान मोरारजी देसाई, ज्यांच्या मंत्रिमंडळात ते पन्नासच्या दशकात मंत्री होते. १९६९ मध्ये मोरारजींकडून अर्थखाते काढून घेतले गेले आणि वर्षभरात तीच खुर्ची यशवंतरावांकडे आली होती. दोघांनी एकमेकांना इतकी वर्षे पाहिले होते की समोरच्याच्या चष्म्याआडची नजरही ओळखीची असणार.

नव्या सरकारने एक चांगले काम लवकर केले. १९७७ मध्येच विरोधी पक्षनेत्याचे पगार-भत्ते ठरवणारा कायदा आला आणि पदाला कॅबिनेट मंत्र्याच्या तोडीचा दर्जा मिळाला. त्याचा लाभ मिळालेले लोकसभेतले पहिले नेते यशवंतराव. कायद्याने मान दिला, बोलण्याची मोकळीक मात्र कोणता कायदा देणार? त्यांची अडचण वेगळीच होती. विरोधी पक्षनेत्याला विचारण्याजोगे तीन-चार मोठे विषय असतात: कर, घरे, संरक्षण, परराष्ट्र धोरण. यातला जो विषय हाती घ्यावा, त्याच्या फायलीवर आधीची सही त्यांची स्वतःचीच निघे.

करांचे पाहा. जून १९७० ते ऑक्टोबर १९७४ ते अर्थमंत्री होते. १९७१ च्या अर्थसंकल्पात त्यांनी अधिभार वाढवला आणि सर्वांत वरच्या उत्पन्नावरचा आयकर ९७.७५ टक्क्यांवर गेला. म्हणजे वरच्या टप्प्यातल्या शंभर रुपयांपैकी कमावणाऱ्याच्या हाती सव्वादोन रुपये. वांछू समितीने अशा दरांनी काळा पैसाच वाढतो असे सांगितल्यावर १९७४ मध्ये त्यांनीच तो ७७ वर आणला. १९७३-७४ चा त्यांचा अर्थसंकल्प साडेपाचशे कोटींच्या तुटीमुळे ‘काळा अर्थसंकल्प’ म्हणून ओळखला गेला. १९७४ च्या जुलैत वाढीव महागाई भत्त्यातला अर्धा भाग सक्तीच्या ठेवीत अडकवणारा वटहुकूमही त्यांच्याच काळातला, आणि पगारदार माणूस असे काही विसरत नसतो. अशा माणसाने नवे अर्थमंत्री एच. एम. पटेल यांना कराबद्दल खडसावायला उभे राहायचे, तर समोरच्या बाजूला हसू फुटणारच.

पण जनता सरकारने त्यांचे काम सोपे केले. १६ ऑगस्ट १९७८ रोजी साखरेवरचे नियंत्रण उठवले. कागदावर ही मुक्ती होती. प्रत्यक्षात साखरेचे भाव कोसळले. रेठऱ्याचा कृष्णा, यशवंतनगरचा सह्याद्री, सांगलीचा वसंतदादांचा, अशा कारखान्यांच्या गोदामांत पोत्यांच्या थप्प्या आणि उसाच्या दराची रड. त्यानंतर चरणसिंग अर्थमंत्री झाले आणि २८ फेब्रुवारी १९७९ ला त्यांनी अर्थसंकल्प मांडला. शहरातल्या माणसाच्या रोजच्या वापराच्या वस्तूंवर अबकारी वाढली, खतावरची निम्मी झाली, कच्च्या तंबाखूवरची तर उठलीच. इंग्रजी वर्तमानपत्रांनी ‘कुलकांचा अर्थसंकल्प’ म्हणून नाके मुरडली. निपाणीपासून वरच्या कृष्णाकाठापर्यंत विडीची तंबाखू लावणाऱ्या शेतकऱ्याने काय केले असेल? त्याच्या कोठारावर नजर ठेवणारा अबकारीचा माणूस गेला, वजनाच्या नोंदी आणि परवान्यांचा जाच गेला. एकाच सरकारने उसाला मारले आणि तंबाखूला तारले. साताऱ्याच्या खासदाराने यावर बोलायचे तर कोणत्या शेतकऱ्याच्या तोंडाने?

अर्थसंकल्पावर भांडायचे संसदेचे हत्यार म्हणजे कपात सूचना. खात्याच्या मागणीतून शंभर रुपये कमी करा, अशी सूचना आली तर ती एखाद्या तक्रारीपुरती. मागणी एक रुपयावर आणा, अशी आली तर ती सरकारच्या धोरणावरच नापसंतीचा शिक्का. प्रश्नोत्तरांचा तास सकाळी अकराला सुरू होतो, तारांकित प्रश्नाचे तोंडी उत्तर मिळते आणि खरी झुंज होते ती पुरवणी प्रश्नांत. मंत्र्याच्या हातातला कागद तिथे संपतो. मंत्री म्हणून यशवंतराव या पुरवणी प्रश्नांना कधी बधले नव्हते. शांत आवाज, हातचे राखून बोलणे, समोरच्याचा आब ठेवणे ही त्यांची पद्धत. पलीकडच्या बाकावर हे गुण तितके कामाचे नाहीत. विरोधी पक्षनेत्याला थोडा नाना पाटील अंगात यावा लागतो. तो यशवंतरावांच्या अंगात कधीच आला नाही, आणि आला असता तर ते यशवंतराव राहिले नसते.

परराष्ट्र धोरणात तर आणखीच मौज. ऑक्टोबर १९७४ पासून ते परराष्ट्रमंत्री होते. एप्रिल १९७६ मध्ये चीनशी पुन्हा राजदूत पातळीवरचे संबंध जोडण्याची घोषणा त्यांनीच लोकसभेत केली होती आणि के. आर. नारायणन पेकिंगला गेले. पाकिस्तानशी तुटलेले संबंध त्याच वर्षी जुलैत जुळले. जनता पक्ष सत्तेवर आला तो ‘खऱ्या अलिप्ततेची’ भाषा करत. आता दिल्ली मॉस्कोपासून दूर जाणार, असे अनेकांना वाटले. झाले काय? सोव्हिएत परराष्ट्रमंत्री ग्रोमिको एप्रिल १९७७ मध्ये दिल्लीत येऊन गेले आणि १९७१ चा रशियाशी झालेला करार जिथल्या तिथे राहिला. नवे परराष्ट्रमंत्री वाजपेयी पाकिस्तानला गेले, फेब्रुवारी १९७९ मध्ये चीनलाही गेले. दोन्ही दारांच्या कड्या त्यांच्या आधीच्या परराष्ट्रमंत्र्याने काढून ठेवल्या होत्या. विरोधी पक्षनेत्याने यावर टीका करायची म्हणजे स्वतःच्याच कामावर करायची. आणि स्तुती करायची म्हणजे सरकारची.

चीनच्या दौऱ्याने मात्र एक जुनी जखम उघडी केली. वाजपेयी चीनमध्ये असतानाच, १७ फेब्रुवारीला, चीनने व्हिएतनामवर हल्ला केला. दौरा आटोपता घेऊन त्यांना परतावे लागले. ज्या चीनने १९६२ मध्ये नेहरूंना फसवले त्यानेच वाजपेयींनाही ओशाळे केले. नोव्हेंबर १९६२ मध्ये त्या पराभवाच्या राखेत संरक्षण खाते हाती घ्यायला मुंबईहून कोण गेले होते, हे सभागृहात कोणाला सांगायची गरज नव्हती. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे महाराष्ट्रात शाळकरी पोरांनाही पाठ होते. अणुधोरणाचेही तसेच. मोरारजींनी अणुस्फोट करणार नाही असे जगाला सांगून टाकले. तारापूरच्या इंधनासाठी अमेरिका अटी घालत होती आणि जानेवारी १९७८ मध्ये दिल्लीत आलेल्या कार्टरांचे भारताला कडक पत्र लिहिण्याबद्दलचे खासगी बोलणे उघड्या राहिलेल्या मायक्रोफोनने पत्रकारांच्या कानी घातले. पोखरण झाले त्या मे १९७४ च्या मंत्रिमंडळात यशवंतराव अर्थमंत्री होते. इथे तरी त्यांच्याजवळ विचारायला स्वतःचा, ऋणात न अडकलेला प्रश्न होता.

घरांचा विषय त्यांच्या अंगणातलाच, आणि सर्वांत अवघड. ते मुख्यमंत्री असताना कोयनेच्या धरणाचे काम चालू होते. खोऱ्यातली गावे उठली आणि माणसे पार ठाणे, कुलाबा, सोलापूर, सांगलीपर्यंत पांगली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा ते देशाचे गृहमंत्री आणि साताऱ्याचे खासदार होते. धक्का मुंबई-गोव्यापर्यंत जाणवला. पाटण तालुक्यात दगड-मातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, पावणेदोनशेच्या आसपास लोक गेले. भूकंपानंतर पत्र्याची घरे आली. ती तात्पुरती होती आणि तात्पुरत्या गोष्टींचे सरकारी आयुष्य लांब असते. धरणग्रस्तांचा प्रश्न पुढे ज्यांनी धसास लावला ते कोणत्याही सभागृहाचे नेते नव्हते. कासेगावचे डॉ. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दल यांनी तो रस्त्यावर आणला. पाटणकरांचे आई-वडील प्रतिसरकारातले. नदीच्या एका काठाने सत्ता चालवली आणि दुसऱ्या काठाने तिच्याशी भांडण चालू ठेवले, असे म्हणावे तर दोन्ही काठ एकाच गावचे निघतात.

यशवंतरावांच्या विरोधी नेतेपदाचा खरा उपयोग कुठे झाला असेल तर तो घटनेच्या दुरुस्तीत. राज्यसभेत अजून काँग्रेसचे बहुमत होते. आणीबाणीत बेचाळिसाव्या दुरुस्तीने जे करून ठेवले होते ते निस्तरायचे तर काँग्रेसशी बोलल्याशिवाय गत्यंतर नव्हते. १९७७ च्या अखेरीस त्रेचाळिसावी दुरुस्ती संसदेत मंजूर झाली ती दोन्ही बाजूंच्या सहमतीने. आणीबाणीच्या मंत्रिमंडळात गप्प राहिलेल्या माणसाने तिचे अवशेष हलवायला हात लावला. हे प्रायश्चित्त होते की व्यवहार, याचा निवाडा करणे कठीण. त्या एकवीस महिन्यांतले त्यांचे मौन त्यांच्या चरित्रातले सर्वांत फिके पान आहे, हे मात्र त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे.

जानेवारी १९७८ मध्ये काँग्रेस फुटली. इंदिराबाईंनी वेगळी चूल मांडली, यशवंतराव ब्रह्मानंद रेड्डींच्या काँग्रेसमध्ये राहिले. फेब्रुवारीत राज्याची निवडणूक झाली: जनता पक्ष ९९, रेड्डी काँग्रेस ६९, इंदिरा काँग्रेस ६२. भांडलेल्या दोन जावांनी एकत्र स्वयंपाक करावा तसे दोन्ही काँग्रेसचे सरकार सांगलीच्या वसंतदादा पाटलांनी चालवले, आणि जुलैत शरद पवारांनी ते पाडले. पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) मंत्रिमंडळात सहकारमंत्री झाले एन. डी. पाटील. आयुष्यभर विरोधात बसलेला माणूस सत्तेत आणि आयुष्यभर सत्तेत बसलेला माणूस दिल्लीत विरोधात, अशी अदलाबदल त्या वर्षी पाहायला मिळाली. दिल्लीतही संख्या बदलली. इंदिरा काँग्रेसचे खासदार जास्त झाले आणि १२ एप्रिल १९७८ ला विरोधी पक्षनेतेपद सी. एम. स्टीफन यांच्याकडे गेले.

सव्वा वर्षाने पारडे पुन्हा फिरले. कर्नाटकचे देवराज अर्स इंदिरा काँग्रेसमधून बाहेर पडले, काही खासदार फिरून आले आणि १० जुलै १९७९ ला यशवंतराव पुन्हा विरोधी पक्षनेते झाले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मोरारजी देसाईंच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला.

अविश्वासाच्या ठरावाला परवानगी मागितली की सभापती त्याला पाठिंबा देणाऱ्यांना उभे राहायला सांगतात. किमान पन्नास उभे राहिले तर ठराव चर्चेला येतो. भाषण नाही, घोषणा नाही, नुसते उठून उभे राहायचे. १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी लोकसभेतला पहिला असा ठराव नेहरूंवर आणला तेव्हा यशवंतराव नेहरूंच्या बाजूच्या बाकांवर संरक्षणमंत्री म्हणून बसले होते. ६२ विरुद्ध ३४७ मतांनी तो पडला होता. या वेळी समोरच्या बाजूचीच माणसे गळू लागली. राजनारायण आणि त्यांच्या मागोमाग बरेच जण बाहेर पडले. जॉर्ज फर्नांडिसांनी सरकारची तडाखेबंद बाजू मांडली आणि मग स्वतःच राजीनामा दिला. मतदानाची वेळ आलीच नाही. १५ जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. १९५६ मध्ये ज्यांच्या आशीर्वादाने मुख्यमंत्रिपद मिळाले, त्यांचे पंतप्रधानपद यशवंतरावांच्या ठरावाने गेले.

राष्ट्रपती होते नीलम संजीव रेड्डी. १९६९ मध्ये बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळात रेड्डींच्या राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीला यशवंतरावांनी मत दिले होते. नंतर इंदिराबाईंच्या ‘अंतरात्म्याच्या आवाजा’पुढे रेड्डी पडले आणि यशवंतराव इंदिराबाईंकडे राहिले. त्या रेड्डींनी १८ जुलैला विरोधी पक्षनेत्याला बोलावून सरकार बनवता येते का पाहा, असे सांगितले. चार दिवस आकडेमोड झाली. महाराष्ट्रात बेरजेचा उस्ताद म्हणून गाजलेल्या माणसाला दिल्लीची बेरीज जमली नाही. २२ तारखेला त्यांनी नकार कळवला. २८ जुलैला चरणसिंग पंतप्रधान झाले, यशवंतराव उपपंतप्रधान आणि गृहमंत्री. विरोधी नेतेपद अठरा दिवसांत संपले. सरकार लोकसभेला सामोरे न जाताच ऑगस्टमध्ये पडले.

सत्तेचा हा घास त्यांनी घ्यायला नको होता. ठराव मांडून सरकार पाडणारा नेता तसाच बाकावर बसून राहिला असता, तर १९७९ ची गोष्ट वेगळी सांगितली गेली असती. पण बाहेर राहण्याची सवय एकतीस वर्षांत मोडली होती.

जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधींची लाट आली. महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी ३९ त्यांच्या. यशवंतराव आता ज्या पक्षात होते त्या अर्स काँग्रेसचा महाराष्ट्रातून एकच खासदार निवडून आला, साताऱ्याचा. लोकांना पक्षाचे नाव पुरते पाठ झाले नसेल, पण साहेब ठाऊक होते. दिल्लीत पोहोचल्यावर साहेब पुन्हा विरोधी बाकावर. या वेळी मात्र नेतेपद नव्हते, आणि मागे बसायला माणसेही फारशी नव्हती. पुढे ते इंदिरा काँग्रेसमध्ये परतले. दरवाजा उघडायला बराच काळ लागला, आणि तो काळ त्यांना उंबऱ्यावर काढावा लागला.

आत गेल्यावर जे काम मिळाले ते मंत्रिपदाचे नव्हते. १९८२ मध्ये नेमलेल्या आठव्या वित्त आयोगाचे ते अध्यक्ष झाले. केंद्राने गोळा केलेल्या करांतला कोणता हिस्सा कोणत्या राज्याला द्यायचा, याचा हिशेब मांडायचा. १९८३ च्या १ जूनला वेणूताई गेल्या. आयोगाचा अहवाल १९८४ मध्ये सादर झाला आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला यशवंतरावांचे दिल्लीत निधन झाले. त्यांची समाधी कराडला, कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर आहे.

महिन्याभरात लोकसभेची निवडणूक झाली. साताऱ्यातून काँग्रेसचे प्रतापराव भोसले गेले. देशभर काँग्रेसने चारशेचा आकडा ओलांडला. विरोधातला सर्वांत मोठा पक्ष तेलुगू देसम, तोही तीस जागांचा. सभागृहाच्या एक दशांश सदस्यांची अट कोणालाच पुरी करता आली नाही. यशवंतरावांनी जुलै १९७९ मध्ये सोडलेल्या त्या जागेवर त्यानंतर जगजीवनराम महिन्याभरापेक्षाही कमी काळ बसले होते. पुढे डिसेंबर १९८९ पर्यंत लोकसभेला विरोधी पक्षनेता नव्हता.